त्या थंड सालची पांढरी

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, व्यवसाय द्राक्षमळा व वाइन, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. उद्या माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. सकाळपासून माझा पाय घरात ठरत नाही, वकीलबाई दर वाक्याला "बसा हो" म्हणतात; पण जीव थाऱ्यावर नसला तरी बुद्धी थाऱ्यावर आहे, असे डॉक्टरांनी लेखी दिले आहे.

१. राहते घर व बँकेतील ठेवी माझ्या मुलीस.

२. घरामागचा उतारही तिलाच. मात्र तिथल्या जुन्या वेली उपटून पाहुण्यांसाठी खोल्या बांधू नयेत. "आई, नुसता विचार करतेय," असे ती म्हणते. विचारही करू नये. कारण कलम ४ मध्ये आहे.

३. लाकडी पिंपे व द्राक्षे दाबायचे यंत्र खालच्या वळणावरच्या मळेवालीस. दर हंगामात ती पिंपे मागून नेते आणि न धुता परत करते. आता तिची तीच धुवील.

४. तळघरात एका पांढऱ्या वाइनची शेवटची बाटली आहे. ती माझ्या धाकट्या जावेस द्यावी. तिने ती विकू नये, कपाटात मिरवू नये, प्यावी.

त्या साली उन्हाळा आलाच नाही. ढग हटेनात, द्राक्षे हिरवीच राहिली, घडांत बुरशी शिरू लागली. माझे दीर म्हणाले, "वहिनी, आंबटढाण माल आहे. सडायच्या आत रसाच्या कारखान्याला देऊन टाकू." माझ्या नवऱ्याने भावाचीच री ओढली. सगळा मळा खुडला गेला. उताराच्या तोंडाशी मात्र मी आडवी उभी राहिले. माझ्या बाजूने आली ती एकटी दिरांची बायको, हीच जाऊ.

आम्ही दोघी पावसात एकेक घड हातात घेऊन कात्रीच्या टोकाने सडके मणी काढत होतो. बोटे बधिर व्हायची. ती म्हणाली, "ताई, हे पिकलं नाही तर मला घरात तोंड दाखवायला जागा नाही."

"मला तरी कुठंय? कात्री चालव."

हंगाम सरता सरता थोडे ऊन पडले, तेवढ्यावर आम्ही द्राक्षे काढली. जेमतेम एक पिंप वाइन झाली. पहिल्या घोटाला सगळ्यांचे दात आंबले. "भांडी घासायला ठेवा," दीर म्हणाले, आणि माझा नवरा हसला. ती पिण्याजोगी होण्याआधी तो गेला. त्याच्या त्या हसण्याचा राग नाही. पण ते अजून कानात आहे.

पुढे कितीतरी वर्षांनी बाटली उघडली. आधी लिंबाच्या सालीचा झणका, मग ओल्या दगडाचा वास, आणि घोट उतरल्यावर जिभेवर रेंगाळणारा मध. चोखंदळ लोक लांबून चाखायला आले. त्यांच्यासमोर दीर म्हणाले, "थांबायचा निर्णय माझा होता." मी भरल्या सभेत "खोटं!" म्हणाले. जाऊ त्यांच्या शेजारी उभी होती. ती गप्प राहिली. त्यानंतर मळा वाटला गेला, घरात भिंत आली आणि आमचे बोलणे संपले.

दिरांना मी माफ केलेले नाही, अशी नोंद असावी.

५. वरील मजकूर झाला तेव्हा साक्षीला डॉक्टर आले होते, पण ठरलेला दुसरा साक्षीदार आलाच नाही. मी येरझारा घालत होते. वकीलबाई भिंतीपलीकडे गेल्या आणि घरात होती तिला घेऊन आल्या: माझ्या जावेला. येताना त्यांनी नियमही सांगितला, "ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही. बाटली घ्या, नाहीतर सही करा."

"सही करते," जाऊ म्हणाली. "बाटली घेतली तर ती ताई गेल्यावर प्यायची. एकटीनं?" मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, त्या दिवशी बोलायला हवं होतं मी. बोटं तर माझीही बधिर झाली होती."

मी म्हटले, "बूच जुनं आहे, तुकडे होतील. तू काढ. तुझा हात हलका आहे."

वकीलबाई कळवळल्या, "अहो, प्यायल्यावरच्या सह्या टिकणार नाहीत!"

"मग आधी सह्या."

सबब कलम ४ मधील बाटलीची तरतूद रद्द. सदर बाटली सह्या होताच, माझ्या हयातीतच, संपवण्यात येईल.

लिहून देणार: (सही)
साक्षीदार: १. डॉक्टर (सही, पेला नको म्हणाले) २. धाकटी जाऊ (सही)
स्थळ: तळघराच्या वरची खोली
दिनांक: शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, भर दुपारी