डाव्या बाजूचा राखणदार

ईरी, ९ ऑक्टोबर १९९६

ती. फिलेमुताईस,
धाकट्या सेफोचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. एक ओळ खुशालीची आणि बाकी पानभर माझी खरडपट्टी, तेव्हा तुझी तब्येत ठणठणीत आहे हे कळलं. इथे बर्फ अजून पडलेला नाही, पण सरोवरावरून असा वारा सुटतो की कान जागेवर आहेत ना ते चाचपून बघावं लागतं.

तुझा लेक सोमवारी माझ्याकडे जेवतो. परवा नारळाच्या दुधात अळूची पानं शिजवायचा घाट घातला होता. अळू कुठलं मिळायला? पालकावर भागवलं. एतुने मुकाट्याने तीनदा वाढून घेतलं आणि मग म्हणाला, की मामा, हे आईला कळवू नका.

तू विचारलंस, की एवढा धिप्पाड पोरगा, पण चेंडूला हात लावताना कधी दिसत नाही, मग तो तिथे करतो काय? अगं, इथल्या अमेरिकन फुटबॉलात त्याच्या जागेवरच्याने चेंडूला हात लावायचाच नसतो. आमचा चेंडू फेकणारा उजव्या हाताचा आहे. फेकायला वळला की डावीकडून अंगावर कोण येतंय ते त्याला दिसत नाही. त्या बाजूला एतु उभा असतो. येईल त्याला छातीवर घ्यायचं आणि रेटून धरायचं, एवढंच त्याचं काम. त्यालाच लेफ्ट टॅकल म्हणतात. त्याचं काम चोख झालं तर त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. चुकला तर सगळं गाव त्याला नावाने ओळखतं.

आमचा जुना टॅकल गुडघा मोडून बसला म्हणून क्लबने एतुला या एका मोसमापुरता घेतला होता. आता करार चार वर्षांनी वाढवायचा का, यावर इथे नुसतं रण माजलंय. माझा न्हावी म्हणतो, आजच सही करून घ्या, नाहीतर दुसरे पळवतील. रेडिओवरचा एक शहाणा म्हणतो, अर्ध्या मोसमावर भुलू नका, जुन्याचा गुडघा बरा होऊ द्या. पुढे उभ्या राहणाऱ्या या राखणदारांच्या लायनीला शिकवणारा मी, म्हणून हेडकोचने मलाच विचारलंय. म्हणाले, मामा म्हणून नको, कोच म्हणून सांग. तुझा शब्द मी मालकांकडे नेईन.

तो खेळतो सुरेख. फक्त टक्कर झाली की कधीकधी त्याच्या मानेतून झिणझिण्या उतरतात आणि डावा हात जरासा बधिर होतो. लायनीतल्या पुष्कळांना होतं असं. हात झटकायचा, परत उभं राहायचं, डॉक्टरकडे चुगली करायची नाही, अशी इथली रीत. मी खेळत होतो तेव्हा मीही तेच केलं. पण पोरगं थोडं दमलंय असं वाटतं. घरी येऊन काही दिवस राहिला असता तर बरं झालं असतं, असं आपलं मनात येतं. अर्थात, तू मोठी. तू म्हणशील तसं.

लोभ आहे तेवढा पुरे, आणखी वाढवलास तर मला पेलणार नाही.

तुझा,
सेफो

•

लेओने, २२ ऑक्टोबर १९९६

चि. सेफोस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पालक घातलास? अळूच्या जागी पालक? आई वर बसून कपाळाला हात लावत असेल. आपल्याकडून कुणी तिकडे निघालं की त्याच्याबरोबर पानं गोठवून पाठवते, तोवर माझ्या मुलाला डबाबंद मांस घाल, पण असले प्रयोग करू नकोस.

आता मुद्द्याचं. हात बधिर होतो म्हणजे काय होतं? मासे साफ करून करून माझेही दोन्ही हात संध्याकाळी बधिर होतात. कारखान्यातल्या आम्हा सगळ्या बायकांचे होतात. खोबरेल चोळते आणि सकाळी पुन्हा सुरा हातात घेते. पास्टरबाईंचा भाऊ तिकडे येतोय, त्याच्याबरोबर बाटली पाठवली आहे. कोमट करून मानेपासून खाली चोळ. वरून खाली, उलटं नको.

आणि घरी येऊन राहू दे म्हणतोस, ते कशाला? तो आला तर दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारी पट्ट्यावर मासे कापायला उभा राहील. इथे दुसरं आहे काय? माझ्या हाताचा वास चर्चमध्ये जाताना लिंबू चोळूनही जात नाही. तो वास माझ्या मुलाच्या हाताला लागू द्यायचा नाही, एवढं एकच मी देवाजवळ मागत आले. बाकी मला काही नको.

तेव्हा सरळ सांगते. तू हेडकोचला हो म्हण. चार वर्षं तो तुझ्या नजरेखाली राहील, मला झोप लागेल. बहिणीचा शब्द मोडू नये, हे आपल्या बेटावर शेंबड्या पोरालाही कळतं. मोडलासच, तर डोक्यावर चटई घेऊन माझ्या दारात माफी मागायला बसावं लागेल, आणि माफ केलं म्हणून मी काही धावत येऊन चटई उचलायची नाही. आधी माझा कोको पिऊन होईल, मग वाटलं तर केस विंचरीन, मग बघू!

सामने पास्टरच्या घरी बघतो. तिथला टीव्ही चांगला आहे, पण तो मेला सारखा चेंडूमागे पळतो. माझा मुलगा पडद्यावर दिसतो तो क्षणभर, मग गायब. मी मात्र पडद्याचा तो कोपरा सोडत नाही.

सर्वांस आशीर्वाद. पत्राला उशीर करू नकोस, माया आटते.

तुझी ताई,
फिलेमु

•

ईरी, ४ नोव्हेंबर १९९६

ती. ताईस,
सेफोचा सा. न. वि. वि.

तुझा शब्द पाळला. हेडकोचना हो म्हणालो, मालकांनी मानलं, शुक्रवारी एतुची सही झाली. क्लबच्या डॉक्टरने तपासलं, बोटं दाबून दाखव म्हणाला. त्या दिवशी हात शहाण्यासारखा वागला, आणि एतुने अशी बोटं दाबली की डॉक्टरच ओय ओय करायला लागला. सगळे हसले. मीही हसलो. न्हाव्याने माझे केस फुकट कापले.

ताई, आता लिहितो ते मी आधीच लिहायला हवं होतं. तुला नाही म्हणायची माझी जीभ नाही, म्हणून गोड गोड, आडून आडून लिहीत राहिलो. एक हात जरासा, असं लिहिलं होतं. ते खरं नाही. सप्टेंबरात एकदा दोन्ही हात गेले होते. दोन्ही, एकदम. जमिनीवर पालथा पडला होता आणि हात दुसऱ्याचे असावेत तसे बाजूला पडून होते. थोड्या वेळाने परत आले. उठला, हसला. मला म्हणाला, मामा, आईची शपथ, कुणाला बोलायचं नाही. काल सामन्यात पुन्हा तेच झालं.

एक हात बधिर होणं ही शीर दबल्याची खूण. दोन्ही एकदम जाणं म्हणजे मानेच्या आतच काहीतरी बिघडलंय. इतकी वर्षं लायनीत काढली, मला एवढं कळतं. हे कळूनही मी हो म्हणालो. तुझा शब्द होता हे खरं, पण मला काय वाटत होतं तेही खरं लिहितो. हा गेला तर माझी लायन कोसळणार, आणि लायन कोसळली की मी गेलो. तेही मनात होतंच.

काल तुझं तेल चोळत होतो तेव्हा हात जोडून सांगितलं, की बाबा, डॉक्टरला खरं सांग. तो म्हणाला, की सांगितलं तर उद्याच घरी पाठवतील, आणि आईच्या शेजारी उभं राहायला मला लाज नाही वाटणार, पण आईला वाटेल. मी तेल चोळत राहिलो. बहिणीचा मुलगा, त्याचा शब्दही मला मोडता येत नाही.

फोन करणार होतो. पण पास्टरच्या घरचा फोन म्हणजे गावाचा भोंगा. म्हणून लिहितो. तू एक ओळ लिही, सेफो, थांबव. त्या क्षणी जाऊन सगळं सांगतो, मग माझं काय व्हायचं ते होवो. तुझ्याच हुकमाने गाठ मारली, ती तुझ्याच हुकमाने सोडता येईल.

रागाव, पण लवकर लिही.

तुझा,
सेफो

•

लेओने, १७ नोव्हेंबर १९९६

सेफो,

आशीर्वाद वगैरे काही नाही. थांबव. थांबव. थांबव. एक ओळ मागितलीस, या घे तीन.

अरे गाढवा, मी काय लिहिते यावर का चालायचं? मला काय कळतं मानेतलं? मी तेल पाठवणारी बाई! तुला डोळे दिलेत, तू पाहिलंस, आणि मला लिहितोस काय, तर पोरगं थोडं दमलंय? आपल्या लोकांना हा सभ्यपणाच एक दिवस खाणार. मोठ्यांपुढे नाही म्हणू नये, मान वर करू नये! नाही म्हटलं असतंस तर मी महिनाभर बोलले नसते. एवढंच झालं असतं.

पत्र मिळाल्या मिळाल्या चप्पल न घालता पास्टरकडे पळाले. तुझ्या घरचा फोन वाजला, तू उचललास. पण समोर पास्टरबाई, तिच्या मागे तिच्या दोन जावा, आणि सगळ्यांची तोंडं आनंदाने फुललेली, कारण परवाच करार झाल्याबद्दल गावाने चर्चमध्ये आभार मानले होते आणि डुकरं कापली होती. तब्येतीला जपा, एवढंच म्हणाले. तूही बरं म्हणालास. बघ, मी तुला शिव्या देते, आणि मीही तेच केलं.

आता हे पत्र हातात पडेल तसा ऊठ आणि जा. त्याला सांग, आईला लाज नाही वाटत. सांग, की पट्ट्यावर माझ्या उजव्या हाताची जागा रिकामी आहे, तिथे उभा राहा, दिवसभर गप्पा मारू. वास लागला तर लागला. दोघांना मिळून एक लिंबू पुरेल.

फिलेमु

•

ईरी, २ डिसेंबर १९९६

ती. ताईस,

तुझं पत्र आज सोमवारी मिळालं. सामना काल होता.

पास्टरच्या घरी फोन करून जेवढं सांगितलं तेवढं गावाला कळलंच असेल. जे तुझ्या एकटीचं आहे ते लिहितो. एतुने त्याचं काम केलं. समोरचा डोकं खाली घालून आला, याने छातीवर घेतला, सोडला नाही. चेंडू फेकला गेला, पार पलीकडे झेलला गेला, आम्हाला गुण मिळाले, सगळं मैदान उठून नाचायला लागलं. मी त्याच्याकडे बघत होतो. तो पालथा होता. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाला, मामा, या वेळी वेळ लागतोय.

डॉक्टर म्हणतात जीव वाचला. हात नाही, पाय नाही. परत येण्याची आशा विचारली तर ते खिडकीबाहेर बघतात. तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. लिंबाच्या ओळीला हसला. मग म्हणाला, की मामा, तेल आहे का थोडं, चोळा. चोळलं. त्याला काही कळलं नाही, पण कळल्यासारखं त्याने केलं. मला बरं वाटावं म्हणून.

रेडिओवरचा तो शहाणा आज विचारत होता, की हा करार वाढवायचा सल्ला दिला तरी कुणी. न्हाव्याने दुकानातला एतुचा फोटो उतरवून त्याच्यापुढे मेणबत्ती लावलीय. मेलेल्यापुढे लावतात तशी.

मी हेडकोचना सगळं सांगितलं आणि काम सोडलं. त्याचा आता काही उपयोग नाही, हे मलाही कळतं. डॉक्टर परवानगी देतील तेव्हा त्याला घेऊन येतो. त्याला तुझ्याजवळ पोचवीन आणि मग बाहेर अंगणात येऊन, आईची चटई डोक्यावर घेऊन, तुझ्या दारात बसेन. कोको पिऊन घे. केस विंचर. उचलली नाहीस तरी चालेल, मी बसून राहीन.

लोभ असू दे असं मागायला तोंड नाही.

सेफो

•

लेओने, १४ डिसेंबर १९९६

चि. सेफोस,
ताईचे आशीर्वाद. या वेळी खरे.

तो सामना आम्ही सगळ्यांनी पास्टरच्या घरी पाहिला. गुण मिळाले तसं घर डोक्यावर घेतलं. पास्टरबाई मला मिठी मारून उड्या मारत होत्या. टीव्ही चेंडूमागे गेला होता. मी मात्र तो कोपरा बघत होते, जिथे माझा मुलगा असायचा तिथे. तिथे आता दुसरीच माणसं नाचत होती. मला तेव्हाच कळलं. मी बाईंना म्हणाले, की मला सोडा. त्यांना वाटलं, आनंदाने रडते.

घराची पायरी काढून उतार बांधून घेतलाय. खाट समुद्राच्या बाजूला लावली आहे. त्याला पाण्याचा आवाज आवडतो. कारखान्यातल्या बायका आळीपाळीने येणार म्हणतात. त्या मनापासून म्हणतात, पण वर्षानुवर्षं कोण येतं? मी सुरा सोडला. मासे नाहीत आता, मुलाला न्हाऊ घालायचं, भरवायचं. वास शेवटी गेला बघ.

तू चटई आणू नकोस. रागाने म्हणत नाही. मी रात्रंदिवस विचार केला, आणि हिशेब लागत नाही. तू माझ्या दारात बसलास तर मी बाहेर येऊन चटई कुठल्या तोंडाने उचलू? हो म्हण, हे लिहिणारी मी. मलाच तुझ्या शेजारी त्याच चटईखाली येऊन बसावं लागेल. आपण दोघं भावंडं आत बसलो, की ती उचलायचा हक्क जगात एकट्या एतुला. आणि सेफो, त्याचे हात उचलत नाहीत रे.

तेव्हा नुसता ये. त्याला जपून आण. मान हलू देऊ नकोस.

तुझी,
ताई