राघू बिळाच्या दारात

कोबे, ८ फेब्रुवारी १९९८

चि. अवधूत व चि. सौ. कस्तुरी यांस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. टोकियोत फुनाबोरीला घर पसंत केलंत, घरमालकाला जामीन हवा, माझ्या शिक्क्याचा कागद महिनाअखेर गेला नाही तर घर दुसऱ्याला, सगळं समजलं. कागद टेबलावर आहे. घाई कसली? माझी कंबर धरलीये, आणि मार्चमध्ये दुकानात मसाल्याचा माल उतरायचाय. अवधूतने कोबेलाच यावं. सॉफ्टवेअरवाल्याला पोती उचलता येतात का, तेही कळेल. नोकऱ्या काय, कस्तुरीला इथेही मिळतील.

रविवारी टीव्हीवर आफ्रिकेतला राघू दाखवला. आपल्या वेड्या राघूचाच भाऊबंद, पण थाट काय! पाठ हिरवी, गळा लालभडक, कपाळ पांढरं, जसं भस्म फासून निघालाय. उडती मधमाशी पकडतो, फांदीवर आपटून, घासून नांगी काढतो, मगच गिळतो. धंदा असा करावा! नदीकाठच्या मातीत बिळं करून सगळा गोतावळा एकत्र राहतो. आणि तरणे मुलगे स्वतःचा संसार बाजूला ठेवून बापाची पिल्लं भरवतात. तुमच्या आईला म्हटलं, बघ, पाखरालाही कळतं. तिने टीव्हीचा आवाज मोठा केला.

प्रकृतीला जपा, आणि म्हाताऱ्यावर लोभ ठेवा.

तुमचा,
बाबा

एदोगावा, टोकियो, १३ फेब्रुवारी

ती. बाबांस कस्तुरीचा शि. सा. न. वि. वि.

कंबरेला आराम पडला असेल. तो कार्यक्रम आम्हीही पाहिला. तुम्ही अर्ध्यावर उठलात वाटतं. मुलगे आपणहून येत नाहीत हो, बाबा! मुलाने जोडीदारीण आणली, बीळ खणलं, की म्हातारा राघू तिथे हजर. भांडत नाही. शेपटी थरथरवत लाडीगोडी लावतो, मुलगा बायकोला घास द्यायला निघाला की मधे येतो, आणि बिळाच्या दारातच ठिय्या देतो. शेवटी मुलगा कंटाळून बिऱ्हाड मोडतो.

अवधूत पोट धरून हसला. मग म्हणाला, पहिली नोकरी लागली तेव्हा बाबांना ताप होता, टोकियोला निघालो तेव्हा दाढ.

एप्रिलपासून मला भाषांतराचं काम मिळालंय, आणि ते इथेच आहे. शिक्का मारायचा नसेल तर स्पष्ट कळवा, आम्ही पोती उचलायला येऊ. तुम्हाला नाही म्हणणं अवधूतला जमत नाही, म्हणून मी लिहितेय.

आईंना नमस्कार. थट्टेचा राग नसावा, माया आहे तशीच असावी.

आपली,
कस्तुरी

कोबे, १७ फेब्रुवारी

चि. सौ. कस्तुरीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या सासूने मोठ्याने वाचलं. दोनदा. दुसऱ्यांदा गिऱ्हाइकांसमोर.

मी अर्ध्यावर उठलो नव्हतो. सगळा पाहिला होता.

बोटीवर भांडी घासत या देशात आलो, भाषा गोदीत नुसत्या कानांनी शिकलो, त्यामुळे कान तिखट. परवा फोनवर अवधूत ‘बरं, बाबा’ म्हणाला, पण त्याआधी त्याचा श्वास अडकला. गोदीत मुकादमाला मी असाच ‘बरं’ म्हणायचो. तेव्हापासून तो आवाज कानातून जात नाही. पण शिक्का मारायला हात उठेना, तुझं पत्र यावं लागलं.

कागद सोबत आहे, शिक्क्यासकट. पोत्यांना दोन माणसं ठरवली. कंबर पहिल्यापासून ठीक आहे.

घराच्या चाव्या मात्र तीन करा. दारात बसणार नाही. आत येईन, जेवेन आणि परत निघेन. तेव्हा स्टेशनपर्यंत पोचवायला या, एवढा लोभ असू द्या.

तुमचा,
बाबा