देवसिंग पाहुणा नव्हता

मी, नेमसिंग धनसिंग राठोड, वय एकसष्ट, राहणार बोरी अरबजवळचा आमचा तांडा, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ, पूर्वी लोखंड बांधणाऱ्या टोळीचा मुकादम, आता शेतकरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत असे वकील म्हणाले. मला कोणी धमकावलेले नाही, पाजलेले नाही. मी थकलो आहे, एवढेच.

१. माझी सर्व मिळकत स्वकष्टाची आहे. तांड्यातली बावीस माणसे घेऊन मी अकरा वर्षे एका मोठ्या शहरात मेट्रोच्या खांबांचे लोखंड बांधले. शहराचे आणि कंपनीचे नाव लिहू नये, असा वकिलांचा सल्ला आहे. आम्ही गेलो तेव्हा एकच मार्गिका होती, तीही नकाशात. मग दुसरी आली, तिसरी आली, तिला फाटे फुटले. आता गाडी शहराबाहेरच्या भाजीच्या मळ्यांपर्यंत जाते. तेवढ्या काळात आमच्या बोरीची छोटी रेल्वे बंद पडली आणि रुळांत बाभळी वाढल्या. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रारीलाही दम लागतो.

२. तांड्यातले घर व बँकेतली शिल्लक मुलगा संजय यास. तो त्याच मेट्रोच्या स्टेशनवर नोकरीला आहे, इथे येऊन राहणार नाही हे मला माहीत आहे. घर विकायचे तर खुशाल विकावे, पण आधी पत्रे बदलावे. गळके घर दुसऱ्याच्या गळ्यात मारू नये.

३. तार पिळायच्या दोन आकड्या आणि पक्कड आमच्या टोळीतला प्रेमसिंग यास. तो अजून कामावर जातो. तांड्याचा नायक भावसिंग याने सहा वर्षांपूर्वी नेलेली माझी शिडी त्या नायकालाच राहू द्यावी. मात्र मी मेल्यावर तो सगळ्यांच्या पुढे होऊन खांदा द्यायला येईल, तेव्हा त्याला मागे ठेवावे.

४. बोरी शिवारातले चार एकर कपाशीचे शेत, विहिरीसह, माझा धाकटा भाऊ कै. देवसिंग याची पत्नी मानीबाई हिला, कायमचे व पूर्ण मालकीने. यावर संजयचा हक्क राहणार नाही. कारण लिहिणे भाग आहे.

कामाच्या फाटकावर पासशिवाय आत सोडत नसत, आणि दहा दिवस पास दिसला नाही तर नाव कापत. म्हणून आमच्या टोळीची रीत अशी होती की कोणी सणासाठी तांड्यात गेला, तर त्याच्या पासवर दुसऱ्याने कामाला जायचे. फोटो पुसट, डोक्यावर सगळ्यांच्या सारख्याच पिवळ्या टोप्या. ही रीत मीच पाडली होती. नऊ वर्षांपूर्वीच्या श्रावणात प्रेमसिंग तीजेला गेला, कारण बहिणीची लग्नाआधीची शेवटची तीज होती. देवसिंग नुकताच कामावर आला होता, त्याचा पास झालेला नव्हता. मी त्याला प्रेमसिंगचा पास दिला. तो २१४ नंबरच्या खांबाच्या लोखंडावर चढला, सुरक्षेचा पट्टा अडकवायचा राहिला, आणि पडला. पट्टा तपासणे माझे काम होते.

साहेबांनी विचारले, हा कोण? पास प्रेमसिंगचा, आणि प्रेमसिंग तांड्यात जिवंत. खरे बोललो असतो तर टोळी गेली असती, माझी मुकादमी गेली असती. मी म्हणालो, साहेब, हा माझा भाऊ, मला भेटायला आला होता, न विचारता आत शिरला. कागदावर तसेच उतरले. मानीबाईला भरपाई म्हणून काहीच मिळाले नाही.

आमच्यात भावजय भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलत नाही. पण तेराव्या दिवशी ती दाराआडून बोलली, "दादा, ते पाव्हणे म्हणून गेलते का कामाले गेलते?"

मी म्हणालो, "मले मालूम नाही, बाई."

आयुष्यात तिच्याशी माझे इतकेच बोलणे झाले. नऊ वर्षे ती लोकांच्या शेतात कापूस वेचते. माझ्याही.

मागच्या दिवाळीत संजयने मला मेट्रोत बसवले. आत गारवा होता, पोरी मोबाईलमध्ये बघत हसत होत्या. मी खांब मोजायला बसलो, पण गाडी इतकी जोरात होती की २१४ कधी मागे पडला ते समजले नाही. मला रडू आले. संजयला वाटले, थंडी वाजते आहे.

हे शेत देणार म्हणताच तो म्हणाला, "बा, जुनं कायले उकरून राह्यला? माह्यी नोकरी तिथंच हाय."

मी म्हणालो, "तुह्या काकाचं कामही तिथंच होतं."

तेव्हापासून त्याचा फोन नाही.

५. मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात. म्हणजे याही वेळी मानीबाईला खरे उत्तर न देता मी सुटलो असतो. म्हणून कलम ४ ची सही केलेली प्रत आजच मानीबाईच्या हाती देत आहे. तिने ती पोलिसांना, कंपनीला, वाटेल त्याला दाखवावी. मृत्युपत्रात असे कलम बसत नाही, असे वकील म्हणतात. न बसले तरी राहू द्यावे.

यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. पुढे कोणी माझे दुसरे पुढे केले, तर ते माझे समजू नये.

ठिकाण: दारव्हा. दिनांक ११ एप्रिल २०२५.

(सही) नेमसिंग धनसिंग राठोड

साक्षीदार १: विमलताई आडे, अंगणवाडी सेविका. नेमसिंगभाऊंनी माझ्यासमोर, शुद्धीवर असताना सही केली.

साक्षीदार २: प्रेमसिंग चव्हाण. सही माह्यासमोर झाली. त्या दिवशी पास माहा होता. मी इकडं तीजेत नाचत होतो, देवसिंग माह्या जागी कामाले गेलता. नऊ वर्षांत मले कोणी इचारलं नाही, अन् मीही सांगतलं नाही.