कडी नसलेलं दार

जुनवानी, भिलाई
३ सप्टेंबर २०२५

चि. ललिता हिस,
देवीदासदादाचा सप्रेम जयभीम. अ. आ. वि. वि.

तू म्हणशील, दादाच्या खिशात मोबाइल असताना चिठ्ठी काहून लिहिली? प्लांटच्या आवाजाने माझे कान गेले ते तुला माहीत आहे. फोन स्पीकरवर लावला की गौरव, सूनबाई रीना आणि शेजारचा चंपत, सारे ऐकतात. ही गोष्ट त्यांनी ऐकण्यासारखी नाही.

नूतनचं लग्न ६ ऑक्टोबरला हैदराबादच्या रजिस्ट्री कचेरीत आहे. मुलगा राजदीप, बंगाली, तिच्याच ऑफिसातला. तीन साक्षीदार लागतात आणि नूतन म्हणते, पहिली सही बाबांची. मी तिला लिहून टाकलं की गुडघे दुखतात, येणं होणार नाही. गुडघे माझे चांगले आहेत.

खरं ते तुलाच सांगतो. मला लघवी थांबत नाही. लागली की पाच मिनिटं, फार तर सात. तीस वर्षं क्रेनच्या केबिनमध्ये काढली. ड्यूटी सुटेपर्यंत खाली उतरता येत नव्हतं, आठ-आठ तास दाबून बसायचो. डॉक्टर म्हणतात, त्याचंही आहे आणि वयाचंही आहे. घरी निभतं. पद्मनाभपूरला साडूकडे जायचं तर वाटेतला पेट्रोल पंप आणि दवाखाना मला पाठ आहे. हैदराबादचं मला काय पाठ?

सहा वर्षांपूर्वी तुझी वहिनी आणि मी तिथे गेलो होतो. नूतन ऑफिसला गेली आणि आम्ही बाजार पाहायला निघालो. संध्याकाळी परतताना मला लागली. एक सरकारी संडास सापडला, त्याला कुलूप. दुसऱ्याला पाटी होती, आत कोणाची तरी खोकी भरलेली. एका मोठ्या दुकानाच्या गार्डने मला चपलेपासून टोपीपर्यंत पाहिलं आणि सांगितलं की हे गिऱ्हाइकांसाठी आहे. ऑटो केला आणि ऑटोतच झालं. पिशवीतली पाण्याची भरली बाटली काढून अन्नपूर्णाने माझ्या पँटवर पूर्ण ओतली आणि ऑटोवाल्याला सांगितलं की झाकण ढिलं निघालं. तो हसला. आम्ही नाही हसलो.

पुढे कुठेही गेलो तरी ती आधी जाऊन पाहून यायची आणि मला डोळ्याने खुणवायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली. आता कोणाला सांगू, जाऊन पाहून ये म्हणून?

नूतनला यातलं अक्षर कळता कामा नये. वहिनीची आण आहे तुला. नातवंडांना गोड पापा. दादावरची माया कमी करू नकोस.

तुझा,
देवीदास


गोंदिया
९ सप्टेंबर २०२५

ती. दादास,
ललिताचा शि. सा. जयभीम. वि. वि.

चिठ्ठी पोचली. आण घातली म्हणून तोंड बंद ठेवते, पण मला हे पटलं नाही. बापाने एकुलत्या एका पोरीच्या लग्नाला गुडघ्याचं कारण द्यावं? ती काय लहान आहे? सदतीस वर्षांची झाली, इतकी वर्षं शहरात एकटी राहिली. तिला सांगितलंस तर ती पळून जाणार नाही.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे मला स्वतःला येता येत नाही, नाहीतर हाताला धरून नेलं असतं. लहानपणी शाळेत जायचं नाही म्हणून तुझं पोट दुखायचं. आता गुडघे दुखतात. सवय जुनी आहे.

पोरीला खरं लिही. बाकी आहे तसंच, आठवण ठेव.

तुझी लहान बहीण,
ललिता


हैदराबाद
१२ सप्टेंबर २०२५

ती. बाबांना,
नूतनचा शि. सा. जयभीम. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला रडू येतं, म्हणून लिहिते आहे.

गौरव म्हणतो, तुम्ही रोज सकाळी स्मृतीनगरपर्यंत पायी जाता. मग गुडघे काय फक्त हैदराबादसाठी दुखतात? राजदीप आपल्यातला नाही, म्हणून येत नसाल तर तसं सरळ लिहा. आम्हाला तुम्हीच शिकवलंत की माणूस पाहायचा, जात नाही पाहायची. सेक्टरमधल्या विहारात भाषणसुद्धा केलं होतंत. ते दुसऱ्यांच्या मुलींसाठी होतं का, एवढंच विचारायचं आहे.

तुम्ही आला नाहीत तरी लग्न होईल. साक्षीला ऑफिसातलं कोणीही उभं राहील. पण त्यानंतर भिलाईच्या घरात मी कोणत्या तोंडाने यायचं? आई नाही. तुम्हीही नको म्हणालात तर मला माहेर राहिलं नाही, असं मी समजेन. पंचवीस तारखेपर्यंत साक्षीदारांची कागदपत्रं द्यायची आहेत. त्याआधी कळवा.

राजदीपने तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. तो पोचवायचं काम माझं.

तुमची,
नूतन


जुनवानी, भिलाई
१७ सप्टेंबर २०२५

चि. ललिता हिस,
स. जयभीम. अ. आ. वि. वि.

नूतनची चिठ्ठी आली. ती समजून राहिली की मला राजदीप नको. मी रात्रभर कूस बदलत होतो. माहेर राहिलं नाही असं पोरीने लिहावं, आणि कशापायी? पाच मिनिटांपायी.

मी जायचं ठरवलं. पण खरं लिहिण्याची हिंमत झाली नाही. बापाची अशी गोष्ट लेकीला कशी लिहायची? मी आपली जुनी युक्ती काढली. क्रेनवर जाताना आम्ही उठल्यापासून पाणी घेत नव्हतो. एक गुळणी करायची आणि वर चढायचं. तीच सवय पुन्हा लावून घ्यावी म्हणून सराव सुरू केला. पहिल्या दिवशी सहा तास कोरडा राहिलो, दुसऱ्या दिवशी आठ. मला वाटलं, जमलं.

काल परीक्षा म्हणून बसने जामुलला शामसुंदरकडे निघालो. हा माझ्याबरोबर क्रेनवर होता. ऊन होतं. बसमध्येच डोळ्यांपुढे अंधारी आली आणि दांडा सुटला. लोकांनी मला उतरवून सावलीत निजवलं. एका भाजीवाल्या बाईने तोंडाला पाणी लावलं, तर मी हाताने ढकललं म्हणे. शेवटी गौरव येऊन दवाखान्यात घेऊन गेला. सलाईन लावलं. डॉक्टर रागावले, या वयात पाणी तोडल्याने किडनीला मार बसतो म्हणाले. रीना रडत होती. मी सांगितलं, ऊन लागलं. आता ते तरी काय करतील, माझ्यावर नजर ठेवून आहेत.

पंचवीस तारीख जवळ आली. काय करू ते लिही. माया असू दे.

तुझा,
देवीदास


गोंदिया
२० सप्टेंबर २०२५

ती. दादास,
शि. सा. जयभीम. वि. वि.

डोळ्याला पट्टी आहे. ही चिठ्ठी मी सांगते आहे आणि नात भूमिका लिहिते आहे. तिच्यासमोर लाज वाटत असेल तर वाटू दे. तिला सारं ठाऊक आहे. नागपूरला कॉलेजला जाते, तीही सकाळपासून पाणी पीत नाही.

तू युक्ती म्हणतोस ती तू काढलेली नाही, दादा. आम्ही बायका जन्मभर तेच करतो. लग्नाला जायचं, बाजाराला जायचं, पाणी बंद. मला दोनदा मुतखडा झाला तो कशाने, हे तू कधी विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही.

आता एक विचारते. त्या दिवशी ऑटोत वहिनीने बाटली पूर्ण ओतली, असं तूच लिहिलंस. सकाळी निघालेली बाई, दिवसभर बाजारात फिरलेली. तिची बाटली संध्याकाळी भरलेली कशी होती?

एवढंच. खरं लिही पोरीला. आणि पाणी पी. रागावले म्हणून अंतर देऊ नकोस.

ललिता


जुनवानी, भिलाई
२३ सप्टेंबर २०२५, स्पीड पोस्टाने

चि. नूतन हिस,
बाबांचा स. जयभीम. अ. आ. वि. वि.

राजदीप मला नको, असं नाही. माझे गुडघे चांगले आहेत. मला लघवी थांबत नाही, पाच मिनिटांच्या वर नाही. सहा वर्षांपूर्वी तुझ्या शहरात ऑटोत माझे कपडे खराब झाले होते. तुझ्या आईने ते झाकलं. त्या भीतीने मी खोटं लिहिलं. गौरवने सांगितलंच असेल, जामुलच्या बसमध्ये पडलो; तेही त्यापायीच पाणी तोडलं म्हणून, ऊन निमित्त झालं.

हे लिहायला अख्खी रात्र लागली. कागदपत्रं सोबत जोडली आहेत. मी गौरवबरोबर येतो. कचेरीत माझी फजिती झाली तर तुझ्या सासरच्यांसमोर होईल, हे आधी सांगून ठेवतो. चालत असेल तर गौरवला फोन कर. नाही म्हटलंस तरी माझा राग नाही.

तुझे,
बाबा


जुनवानी, भिलाई
१० ऑक्टोबर २०२५

चि. ललिता हिस,
स. जयभीम. अ. आ. वि. वि.

लग्न झालं. क्रमाने लिहितो.

नूतन स्टेशनवर आली होती. चिठ्ठीबद्दल एक शब्द बोलली नाही, फक्त म्हणाली की वेटिंग हॉलच्या डाव्या हाताला आहे, बाबा, जाऊन या, आम्ही सामानापाशी थांबतो. अशा आवाजात, जशी चहाचं विचारते.

कचेरीत आमचा नंबर चौदा होता. दहाला बसलो. पुरुषांचा संडास रेकॉर्डच्या खोलीमागे, उघडा होता. मी दोनदा जाऊन आलो. बरं वाटलं. मग नूतनकडे पाहिलं. ती बाकाच्या कडेला बसली होती, पाय जवळ घेऊन, आणि राजदीपची बहीण गीतांजली काही सांगत होती ते तिला ऐकू येत नव्हतं. तुझी चिठ्ठी आली नसती तर मला ते दिसलं नसतं. मी विचारलं. ती आधी म्हणाली, काही नाही. मग सांगितलं की बायकांच्या खोलीला कुलूप आहे, किल्ली कोणाकडे ते बाबूला माहीत नाही, सकाळी सातपासून दाबून बसली आहे, सही झाली की पाहू.

मी उठून बाबूकडे गेलो. मी बहिरा, माझा आवाज मोठा. बायकांच्या संडासाची किल्ली पाहिजे, असं मी हिंदीत म्हटलं आणि सारा हॉल वळला. तो म्हणाला, नंतर या. मी म्हटलं, पोरगी नवरी आहे, तिने नंतर कधी जायचं? मी हटलो नाही. त्याच्याच खणात किल्ली निघाली.

आत पाणी होतं, पण दाराला कडी नव्हती. नूतन माघारी वळली. मी तिला जा म्हटलं आणि बाहेरून दोन्ही हातांनी दाराची मूठ धरून उभा राहिलो. तेवढ्यात चौदा नंबर पुकारला. दोनदा. शिपाई धावत आला, आता नाही आलात तर जेवणानंतर, साहेब थांबणार नाहीत. मनात आलं, ललिता, हिचं लग्न माझ्यामुळेच राहायचं होतं, तर असं राहावं? पण मूठ सोडली नाही. म्हटलं, नवरी आत आहे, पुढच्याला घ्या.

नंबर गेला. नूतन बाहेर आली, तिला सांगितलं, तर ती म्हणाली, जाऊ द्या. मग मांडीवर मूल असलेली एक बाई उठली आणि मला विचारलं, बाबा, अजून दोन मिनिटं धरता का. तिच्यामागे गीतांजली. तिच्यामागे तीन-चार जणी. आणि नेमकी त्याच वेळी मला लागली. मूठ सोडता येईना. माझं तोंड पाहून राजदीप उठला. सिल्कच्या कुर्त्यातच त्याने माझ्या हातातून मूठ घेतली आणि तुम्ही जाऊन या, मी आहे म्हणाला. मी आलो तरी तो तिथेच होता, भिंतीकडे तोंड करून, आणि बाहेर बायकांची रांग.

सह्या तीन वाजता झाल्या. माझी पहिली. त्यानंतर मी, नूतन आणि जावई, तिघं एकेक ग्लास पाणी प्यालो.

डोळ्याला जप. भूमिकेला आशीर्वाद, आणि तिच्या कॉलेजमध्ये काय सोय आहे ते तिला लिहायला सांग. माझ्यावरचा लोभ तसाच ठेव.

तुझा दादा,
देवीदास