मास्तरांची सोय

ता. ४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न.

वहिनींचा गुडघा कसा आहे? भिकाऱ्यांना चिल्लर देण्यावरून तू मला किती झापलंस! तर ऐक, या वेळी शहाण्यासारखी वागले. आमच्या चष्म्याच्या दुकानाच्या पायरीवर मास्तर भीक मागत बसायचे. नाव मीच ठेवलेलं. आमच्या पाटीवरचं शुद्धलेखन त्यांनी सुधारलं होतं. परवा एका निवाऱ्याची व्हॅन आली. राहणं, जेवण, औषधं सगळं फुकट. मास्तर तयार होईनात. तिथून बाहेर पडता येतं का, असं त्यांनी दोनदा विचारलं. मीच समजूत घातली, हात धरून गाडीत बसवलं. आता तरी शाबासकी दे.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
धाकटी

ता. ९ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

गुडघा कुरकुरतो, वहिनी त्याहून जास्त. शाबासकी मात्र देववत नाही. पैसे हातात देऊ नकोस म्हणालो होतो. माणूसच कोणाच्या हाती दे, असं नव्हे. ती जागा तू पाहिलीस का? नसशील तर जाऊन ये. एकटी जाऊ नकोस.

काळजीत असलेला,
दादा

ता. १५ मार्च

ती. दादास,
शि. सा. न.

एकटीच गेले, रागावू नकोस. गावाबाहेर पत्र्याची शेड, दाराला बाहेरून कुलूप. राखणदाराने विचारलं, मी त्यांची कोण? गाडीवाल्याच्या कागदावर नातेवाइकांच्या रकान्यात मीच ‘कोणी नाही’ असं लिहिलं होतं. खिडकीच्या जाळीतून मास्तर दिसले, डोकं भादरलेलं. मी हाक मारली. राखणदाराला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, की या बाईंना ते ओळखत नाहीत. मग नजरेनेच मला जायला सांगितलं.

दादा, तू ये.

धाकटी

ता. २ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न.

तू सुखरूप घरी परत पोचल्याचं कळलं. तू आणलेल्या पोलिसांनी शेड उघडली, एकोणीस माणसं बाहेर आली, तेव्हापासून मी प्रत्येक चेहऱ्यात मास्तरांना शोधतेय. मी जाऊन आले त्याच संध्याकाळी त्यांना व्हॅनमधून नेलं, असं त्या माणसांनी सांगितलं. गाडीवाला अजून म्हणतो, की सोडून दिलं. कुठे ते आठवत नाही.

काल कोपऱ्यावरच्या कुबडीवाल्या बाईंशेजारी जाऊन बसले. नाणं पुढे केलं नाही, सल्लाही दिला नाही. त्यांना काय हवंय, एवढंच विचारलं. मास्तरांना ते कधी विचारलंच नव्हतं. बाईंनी आधी रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, की त्या इथे बसतात हे मी कोणाला सांगू नये.

चुकली तरी तुझीच,
धाकटी