पोटावरचा पट्टा

दादा,

ऑपरेशन गालाचं झालं आणि बांधून ठेवलंय पोट. पोटाची चरबी काढून गालावरच्या भाजल्याच्या व्रणाखाली भरली, म्हणून हा घट्ट पट्टा सहा आठवडे दिवसरात्र घालायचा. आई रोज सकाळी हुक लावते आणि म्हणते, "पोट आत घे, लाड पुरे."

आता सूज उतरलीय. गाल हाताला मऊ लागतो. डॉक्टर म्हणतात, भरलेल्यातलं थोडं जिरेल, बाकीचं टिकेल.

हे डॉक्टर तूच शोधलेस. मी नको म्हणत असताना तारीखही तूच घेतलीस. वीस वर्षं तू घरी आलास की माझ्या उजव्या बाजूला बसतोस, डावा गाल दिसू नये म्हणून.

त्या दिवशी आपल्या लाँड्रीत वाफेचा व्हॉल्व्ह तू उघडा ठेवला नव्हतास. "हात लावू नकोस" असं बजावून तू गिऱ्हाइकाकडे गेलास आणि मी तो फिरवला. बाबांनी विचारलं तेव्हा मी तुझं नाव घेतलं. माझा भाजलेला गाल पाहून तुलाही तेच खरं वाटलं. नऊ वर्षांची होते, असं मनाला समजावते. पण आज मी एकोणतीस वर्षांची आहे.

हे पत्र तीनदा लिहिलं. आईच्या हाती लागू नये म्हणून घडी करून पट्ट्याच्या आत ठेवते. श्वास घेतला की टोचतं.

पुढच्या महिन्यात पट्टा सुटेल आणि तू येशील. गाल बरा दिसला, तर पहिल्यांदाच माझ्या समोर बसशील. मला त्याचीच भीती वाटते.

तुझी,
धाकटी