खड्यांखालची जाळी

सातारा
मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५

प्रिय भरतेशदादा,

आज शाळेत नववीचं प्रात्यक्षिक होतं. परीक्षानळ्या धुऊन ठेवल्या, प्रयोगशाळेला कुलूप लावलं आणि साडेचारला घरी आले. माशांच्या टाकीतलं एक बादली पाणी काढलं, एक बादली घातलं. मग फोन उघडला. क्षमावाणीचा तुझा निरोप तसाच पडून आहे. वर्षभरात कळत नकळत मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा, आणि खाली जोडलेले हात. घरच्या ग्रुपवरही तू तोच टाकलायस. तिथं सगळ्यांनी उलट क्षमा मागितली, मी काहीच लिहिलं नाही. वहिनींचा फोन आला होता, चंदनताई रागावल्यात का म्हणून. म्हटलं, कामात होते. कामात नव्हते. तुला क्षमा करायची की नाही तेच माझं ठरत नाही. फोनवर मला बोलता येत नाही, तुला माहीत आहे, म्हणून लिहिते.

आधी मासे. तिघंही बरे आहेत, वाढलेत. तुझ्या श्रद्धाला सांग. तिनंच ते सांगलीतून हट्टानं आणले होते आणि दोन महिन्यांत विसरून गेली होती. तू म्हणाला होतास, नदीत सोडून देऊ. अण्णा म्हणाले, नदीत मरतील, आणलेत तर सांभाळा. आणि मग वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी दुकानात जाऊन, स्टुलावर बसून सगळं शिकून आले. टाकीत घालायचं पाणीसुद्धा फडक्यानं गाळून घ्यायचे. मटार उकडून, साल काढून, एकेक दाणा चिमटीत कुस्करून द्यायचे. गल्लीतल्या धनाजीनं एकदा विचारलं होतं, अण्णा, जैनाच्या घरात मासं? अण्णा म्हणाले, पाळल्यात रं, तळल्यात व्हय? हे तूच मला हसत हसत सांगितलं होतंस. तेव्हा तू मला सगळं सांगायचास.

गेल्या वर्षी क्षमावाणीनंतरच्या रविवारी तुम्ही दोघं टाकी घेऊन माझ्याकडे आलात. अण्णा केवढे वाळले होते. मूत्रपिंडाचं दुखणं आहे, पथ्य चालू आहे, एवढंच तू म्हणालास. मी विचारलं, टाकी का आणली? अण्णा म्हणाले, मला आता वाकवत नाही, तू एकटीच असतीस, तुला सोबत हुईल. मला आनंद झाला. ते कधी मुक्कामाला यायचे नाहीत, त्या दिवशी निदान सकाळपासून चारपर्यंत होते.

सगळं त्यांनी बसून माझ्याकडून करून घेतलं. तळाला ती भोकांची प्लॅस्टिकची जाळी, खाली बोटभर पोकळी राहील अशी. मागच्या दोन्ही कोपऱ्यांत उभ्या नळ्या. वर तीन बोटं खडे, हरभऱ्याएवढे, बारीक वाळू नको, ती भोकातून खाली जाते. हवेचा पंप टाकीपेक्षा उंच फळीवर, नाहीतर वीज गेली की पाणी उलटं पंपात येतं. नळीतून बुडबुडे वर जायला लागले तेव्हा त्यांनी मला खाली बसून बघायला लावलं. बुडबुड्यांबरोबर पाणी वर येतं, त्यामुळे टाकीतलं पाणी खड्यांतून खाली ओढलं जातं आणि घाण खड्यांत अडकते. पुढचं काम खड्यांतल्या जीवांचं. म्हणाले, डोळ्यांला दिसत न्हाईत, पण त्यात बी जीव हायत. सगळं खडं एकदम धुवू नगंस, गरम पाणी तर न्हाईच. तिथल्या तिथं थोडी घाण नळीनं ओढून काढ, बाकी त्यांचं ते बघत्यात.

माझी चूक तिथंच झाली होती. येताना तुम्ही जुने खडे ओलेच पोत्यात घालून आणले होते. ते चिकट लागले म्हणून अण्णा हातपाय धूत होते तेवढ्यात मी बादलीत उकळतं पाणी ओतून चकचकीत धुऊन काढले. हे त्यांना सांगितलंच नाही. वीस वर्षं प्रयोगशाळेत काम करून मी हे केलं.

निघताना अण्णांनी मला हात जोडले. चंदन, काही चुकलंमाकलं असंल तर क्षमा कर बाळ. मी हसले. म्हटलं, अण्णा, क्षमावाणी तीन दिवसांपूर्वी झाली, आणि लेकीला कुणी हात जोडतं का? आणि दरवर्षीसारखं, मलाही क्षमा करा, असं म्हणून आत कुकर लावायला गेले. ते थोडा वेळ दारात उभे होते. तू गाडीपाशी होतास, फोनमध्ये बघत होतास. आधी वस्तू सोडायच्या, मग माणसांची क्षमा मागून माणसं सोडायची, मग अन्न, शेवटी पाणी. सल्लेखनेचा, मरणापर्यंतच्या उपवासाच्या व्रताचा, हा क्रम मी नंतर पुस्तकात वाचला. तुला तो त्या दिवशी माहीत होता. मी ज्याला भेट समजले, ते अण्णांनी सोडणं होतं.

चौथ्या दिवशी पाणी दुधासारखं झालं. मासे वर येऊन तोंड उघडायला लागले. माझ्या हातून जीव जातील म्हणून मी घाबरले आणि अण्णांना फोन लावला. फोन तू उचललास. अण्णा देवळात गेलेत म्हणालास. नंतर केला तेव्हा झोपलेत. पुढं दहा-बारा दिवस प्रत्येक वेळी काहीतरी. शेवटी मी हट्ट धरला तेव्हा म्हणालास, त्यांना ऐकू कमी येतंय, मी विचारून सांगतो. दहा मिनिटांनी तुझा फोन आला. अण्णा म्हणतात, सगळं पाणी बदलू नको. रोज एक बादली काढ, एक घाल. आठ दिवस खायला देऊ नको. उपाशी राहून मासा मरत नाही, घाणीनं मरतो. आणि खडे उकळत्या पाण्यानं धुतलेस ना, आता महिना लागेल, धीर धर.

मी तसंच केलं. मासे वाचले.

अकरा ऑक्टोबरला सकाळी तू नुसतं ये म्हणालास. कराडच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मी फोन बघितला. तुमच्या शेजारच्या अंकिताच्या स्टेटसला अण्णांचा फोटो होता. लोडाला टेकून बसलेले, समोर दर्शनाची रांग, खाली लिहिलेलं, सल्लेखना, दहावा दिवस. रांगेत धनाजी होता. ज्याला त्याला दर्शन मिळालं होतं. मी पोचले तेव्हा अण्णांना अंत्ययात्रेच्या पालखीत बसवलं होतं. तू मला बाजूला घेऊन म्हणालास, तू रडली असतीस, त्यांचा जीव तुझ्यात अडकला असता, व्रत मोडलं असतं. दादा, व्रताबद्दल मी तेव्हाही बोलले नाही, आजही बोलत नाही. पण मी रडेन हे तू परस्पर ठरवलंस. मी आईच्या वेळीही रडले नव्हते. तू रडला होतास.

आता पत्र लिहिण्याचं कारण सांगते. वहिनींनी पुण्यस्मरणाच्या पत्रिकेचा मजकूर वाचायला पाठवला. त्यात आहे, पाचव्या दिवसापासून अखंड मौन. दोन तारखेला व्रत सुरू झालं, म्हणजे मौन सहा तारखेपासून. माझ्या गेल्या वर्षीच्या कॅलेंडरवर आठ ऑक्टोबरच्या चौकोनात मी लिहिलंय, खाणं बंद, एक बादली. म्हणजे तुझा फोन आठला आला होता. मासे उपाशी ठेवायचं तू कुठंतरी वाचून सांगू शकला असतास. पण खडे मी उकळत्या पाण्यानं धुतले हे मी तुलाही सांगितलेलं नव्हतं. ते ओळखणारा घरात एकच माणूस होता. की तूही नुसता अंदाजानं बोललास? तसं असेल तर तसं लिही, मी ते गिळेन. आणि अण्णा माझ्यासाठी बोलले असतील, तर पत्रिकेतली ओळ आहे तशीच छापा, मी कुणाला कळू देणार नाही. पण वर्षभर तू ते माझ्यापासून लपवलंस, याचं मला उत्तर हवं. खरं काय ते कळेपर्यंत तुला क्षमा लिहिता येत नाही. खोटी लिहायची नाही.

सहा वाजून गेलेत. दिवस मावळायच्या आत जेवायचं आहे. आमटी सकाळची आहे, एक भाकरी थापते.

तुझीच,
चंदन